वाय अक्षराच्या क्रमांकाचे सिंगर हातमशीन: ओळख आणि दुरुस्ती

कृष्णाकाठ:

सिंगर कंपनीच्या एका जुन्या हातमशीनची ओळख पटावी आणि ते पुन्हा टीप मारू लागावे, यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मशीन माझ्या आजेसासूबाईंचे असून ते त्या काळी हप्त्यांवर घेतले होते, एवढेच घरात सांगतात. पावती किंवा माहितीपुस्तिका शिल्लक नाही. रंग काळा, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, खांबावर पितळी लंबगोल बिल्ला, उजवीकडे चाकाला जोडलेले लाकडी मुठीचे हँडल आणि वर घुमटाकार लाकडी झाकण, अशी रचना आहे. पुढच्या कडेला, जिथे वर्षानुवर्षे कापड आणि मनगट घासले गेले, तिथली वेलबुट्टी जवळजवळ पुसली गेली आहे. पाटावर, म्हणजे मशीनच्या सपाट तळावर, उजव्या बाजूस एक क्रमांक ठोकलेला असून त्याच्या आरंभी इंग्रजी वाय हे अक्षर आणि पुढे सात अंक आहेत.

चाक सध्या फिरत नाही. गावातील कारागिरांनी मशीन पाहून सांगितले की याला हल्लीची गोल बॉबिन बसत नाही, त्यामुळे सुटे भाग मिळणार नाहीत, तेव्हा हे भंगारात देऊन नवे घ्यावे. दुसरीकडे एका नातेवाइकांचे म्हणणे असे की अशा मशीनला लाखो रुपये मिळतात, त्यामुळे त्याला हातही लावू नये. या दोन्ही सल्ल्यांपैकी कोणता मानावा हे कळत नाही. मशीन नेमके कोणत्या प्रकारचे व कोणत्या काळातले आहे, ते चालू होऊ शकेल का, आणि त्याला नवा काळा रंग द्यावा का, हे माझे प्रश्न आहेत.

जुनेलोखंड:

ताई, आपण दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवावेत, कारण ओळख पटण्याआधी दिलेला कोणताही सल्ला घाईचाच ठरतो. जुन्या मशीनची ओळख पटवताना बहुतेक लोक आधी वेलबुट्टी आणि बिल्ला पाहतात. वास्तविक तो सर्वांत दुबळा पुरावा आहे. एकच नक्षी कंपनीने अनेक प्रकारच्या मशीनवर वापरली, आणि एकाच प्रकारावर निरनिराळ्या नक्ष्याही उठवल्या. शिवाय आपल्याकडील जुन्या बाजारात असंख्य मशीन नव्याने काळी रंगवून, वर सिंगरचे स्टिकर चिकटवून विकली जातात. मशीनची खरी ओळख त्याच्या यंत्रणेत असते: खालचा दोरा कशात भरला जातो आणि तो भाग कसा हलतो, हा पहिला प्रश्न.

सिंगरच्या घरगुती मशीनचे या दृष्टीने ढोबळ गट पडतात. पहिला गट गोल बॉबिन आणि उभ्या बॉबिन केसचा. हा सिंगरचा १५ क्रमांकाचा वर्ग, आणि आपल्याकडे घरोघरी दिसणारी काळी मशीन, उषासकट, बहुतांशी याच वर्गाच्या नमुन्यावर बनलेली आहेत. दुसरा गट गोल बॉबिन वरून आडवी टाकण्याचा. त्यात ६६ आणि त्याचे लहान भावंड ९९ येते. तिसरा गट लांब, बारीक बॉबिन बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या शटलमध्ये, म्हणजे खालचा दोरा वाहून नेणाऱ्या भागात, बसवण्याचा. यात शटल गोल फिरत नाही, तर कंसाकार मार्गाने पुढे-मागे झुलते. २७, २८, १२७ आणि १२८ हे क्रमांक या गटातले. याहून जुना चौथा गट होडीच्या आकाराच्या शटलचा, म्हणजे १२ क्रमांकाचे मशीन. त्याचा पाट दोन्ही बाजूंनी कमरेत आत गेलेला असतो, त्यामुळे ते लांबूनही ओळखू येते.

कारागिरांना गोल बॉबिन बसवता आली नाही, यावरून आपले मशीन तिसऱ्या गटातले असावे. खात्रीसाठी पुढील गोष्टी पाहून कळवाव्यात. सुईच्या पुढची-मागची चकचकीत सरकती पट्टी ओढल्यावर आत गोळीच्या आकाराचे शटल दिसते का? पाटाची लांबी साधारण १२ इंच भरते की साडेचौदा इंच? बॉबिन भरण्याचे साधन चाकाजवळ खाली, पाटाच्या बाजूला आहे की वर, आडव्या हाताच्या उंचीवर? आणि शटल वर उचलून देणारे एखादे बटण आहे का?

क्रमांकाविषयी आताच सांगता येईल. सिंगरने १९०० च्या सुमारास क्रमांकाआधी अक्षर लावायला सुरुवात केली; त्याआधीच्या मशीनवर नुसतेच अंक असतात. वाय ही मालिका स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्याला नेमून दिलेली होती आणि ती साधारण १९२१ ते १९३५ या काळात वापरली गेली. त्याआधी, १९१० पासून, त्याच कारखान्यात एफ मालिका चालू होती, आणि १९३५ नंतर ईए, ईबी अशी दोन अक्षरे सुरू झाली. एक खुलासा इथेच करणे आवश्यक वाटते. क्रमांकांचे गठ्ठे कारखान्याला आगाऊ दिले जात, त्यामुळे तारीख मिळते ती गठ्ठा दिल्याची. मशीन प्रत्यक्ष तयार होऊन दुकानात यायला त्यानंतर काही काळ जाऊ शकतो. काही मशीनच्या पट्ट्यांवर पेटंटच्या जुन्या तारखा कोरलेल्या असतात आणि लोक त्यालाच निर्मितीचे वर्ष समजतात. तो समज सोडून द्यावा.

टीपकाम:

वरील प्रतिसादाला एक पुरवणी जोडते. मी शिवणवर्ग चालवते आणि वर्गात येणाऱ्या मुलींच्या घरची जुनी मशीन पाहण्याची संधी मला नेहमी मिळते. लांब बॉबिनच्या मशीनला भाग मिळत नाहीत हे पूर्णपणे खरे नाही. त्यांचे शटल आणि लांब बॉबिन आजही नव्याने बनतात व ऑनलाइन मिळतात. सुईचा तर प्रश्नच नाही, कारण २७ आणि २८ या मशीनना आपली रोजची, एका बाजूने चपट्या दांड्याची घरगुती सुईच लागते. पंचाईत होते ती १२ क्रमांकाच्या मशीनची. त्याची सुई वेगळी असून ती आता सहजी मिळत नाही. कारागिरांचा दोष मी मानत नाही. त्यांच्या हाताखालून आयुष्यभर उषाच्या धर्तीची मशीन गेलेली असतात आणि खोक्यात भागही त्याचेच असतात.

सुई लावताना एक नियम लक्षात ठेवावा, म्हणजे कोणत्याही अनोळखी मशीनवर अडचण येत नाही. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते व दुसऱ्या बाजूला, नेढ्याच्या वर, छोटासा खळगा असतो. दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूने ओवायचा आणि खळग्याची बाजू शटलकडे ठेवायची. दांड्याचा चपटा भाग खळग्याच्याच बाजूला असतो. हे उलटे झाले की मशीन टाका घेतच नाही आणि माणूस विनाकारण दोऱ्याचा ताण बदलत बसतो.

कृष्णाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. सरकती पट्टी ओढल्यावर आत गोळीच्या आकाराचे शटल दिसले आणि त्यात अजून पांढऱ्या दोऱ्याची बॉबिन होती. पाटाची लांबी १२ इंचांहून किंचित जास्त भरते. बॉबिन भरण्याचे साधन खालीच आहे आणि शटल उचलून देणारे बटण कुठेही नाही. बॉबिन भरण्याच्या साधनाजवळ बदामाच्या आकाराचे एक चाक आहे. ते कशासाठी आहे हे समजले नाही.

जुनेलोखंड:

मग शंका उरली नाही. हे सिंगर २८ आहे. २७ हे पूर्ण आकाराचे आणि २८ हे त्याचेच सुमारे पाऊण आकाराचे, हातमशीन म्हणून उचलून नेण्यास सोयीचे रूप. १२७ आणि १२८ या पुढच्या सुधारणा असून त्यांत बॉबिन भरण्याचे साधन वर गेले आणि शटल बाहेर काढण्याचे बटण आले. क्लाइडबँकच्या मशीनचा उल्लेख जाणकार २८के असा करतात. त्यातला के हा किलबोवी या तिथल्या भागाच्या नावावरून आलेला आहे, पण त्या काळच्या २८ वर हा क्रमांक कुठेही छापलेला नसल्यामुळे तो मशीनवर शोधू नये.

बदामाच्या आकाराचे चाक हा या मशीनचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे. लांब बॉबिनवर दोरा एकाच ठिकाणी साचून चालत नाही. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा बसावा लागतो, नाहीतर बॉबिन शटलमध्ये घासते. चाक फिरू लागले की हा बदाम सावकाश फिरतो आणि त्याच्या कडेला टेकलेली छोटी दांडी दोऱ्याला डावीकडून उजवीकडे व परत डावीकडे नेते. बॉबिन भरताना त्याकडे पाहत राहावे. शंभर वर्षांपूर्वी एका साध्या आकाराने केवढे काम करून घेतले आहे, हे डोळ्यांसमोर दिसते.

आता अडकलेल्या चाकाविषयी. घरात पडून राहिलेले मशीन मोडलेले असण्यापेक्षा चिकटलेले असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. जुने तेल वाळून त्याचा तपकिरी, लाखेसारखा थर होतो. आपल्याकडे त्यात भर पडते ती खोबरेलाची. मशीनचे तेल संपले की घरातले खोबरेल घालण्याची पद्धत अनेक घरांत होती. हे तेल थंडीत गोठते आणि काळानुसार चिकट होऊन सांधे धरून ठेवते. त्यामुळे जोर लावण्याआधी पुढील क्रमाने जावे.

प्रथम सुई, दाबपाय, शटल आणि सरकत्या पट्ट्या काढून घ्याव्यात. शटलच्या मार्गात दोऱ्याचे गुंडाळे किंवा मोडक्या सुईचा तुकडा अडकलेला असेल तर तो चिमट्याने काढावा. कित्येकदा सगळा आजार एवढाच असतो. नंतर हँडलची जोडणी खांबापासून सोडवून चाक नुसत्या हाताने हलते का ते पाहावे, म्हणजे अडथळा हँडलच्या दातेरी चाकांत आहे की मशीनमध्ये आहे हे कळते. त्यानंतर डावीकडची फेस प्लेट, म्हणजे सुईच्या दांड्यावरचे झाकण, आणि खांबाच्या मागची गोल झाकणी उघडावी. मशीन उलटे करून खालचे सगळे सांधेही पाहून घ्यावेत. जिथे धातूवर धातू फिरतो वा घसरतो अशा प्रत्येक जागी, आणि वरच्या प्रत्येक तेलाच्या छिद्रात, गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचे थेंब घालून एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी केस वाळवण्याच्या यंत्राने सांध्यांना आतून ऊब द्यावी, पुन्हा थेंब घालावेत आणि चाक दोन्ही दिशांना अगदी थोडे थोडे हलवून पाहावे. केसभर जरी हलले तरी काम झाले असे समजावे. पुढे ते रोज थोडे अधिक हलते. हातोडी, पक्कड किंवा चाकाला लावलेला दांडा यांपैकी काहीही वापरू नये. ओतीव लोखंड वाकत नाही, ते थेट तुटते, आणि तुटल्यावर त्याला जोडणे फार अवघड.

स्क्रूविषयी विशेष सूचना. सिंगरच्या बऱ्याच स्क्रूंचे आटे कंपनीचे स्वतःचे आहेत, बाजारातला स्क्रू त्यांत बसत नाही. म्हणून खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस घ्यावा, स्क्रू हलत नसेल तर तेल घालून थांबावे, आणि काढलेला प्रत्येक स्क्रू कुठला आहे ते लिहून वेगळ्या कागदी पुडीत ठेवावा.

नीरगाठ:

चाकाविषयी याच्या उलट तक्रारही पुष्कळदा ऐकू येते, म्हणजे चाक मोकळे फिरते पण सुई हलत नाही. चाकाच्या मध्यभागी असलेली मोठी गोल चकती बॉबिन भरताना सैल करतात आणि मग ती घट्ट करायची राहून जाते. ती सोडवून साफ केली तर आत तीन कानांची एक वॉशर निघते. ती परत बसवताना उलटी बसली की चाक नीट धरतही नाही किंवा नीट सुटतही नाही. अशा वेळी वॉशर काढून अर्धा फेरा फिरवून बसवावी.

मला मात्र रंगाविषयी विचारायचे आहे. माझ्या परिचयातील एकांनी असेच मशीन पूर्ण खोलून, खरवडून पावडर कोटिंग करून घेतले आणि ते फारच देखणे दिसते. मूळ प्रश्नातही नव्या रंगाचा उल्लेख आहे. गंज लागलेला असेल तर रंग देणे हाच कायमचा उपाय नव्हे काय?

जुनेलोखंड:

माझे मत याच्या पूर्ण विरुद्ध आहे आणि ते मी स्पष्टपणे मांडतो. सिंगरचा तो काळा थर म्हणजे डांबराच्या जातीचे, भट्टीत भाजून कडक केलेले वार्निश. त्यावर सोनेरी नक्षी उठवलेली आणि तिच्यावर लाखेचा पारदर्शक थर. हे तिन्ही थर मिळून जी खोली दिसते ती आजच्या कोणत्याही रंगाला येत नाही. खरवडल्यावर ती परत मिळणार नाही. शिवाय पावडर कोटिंगसाठी मशीन भट्टीत घालावे लागते आणि त्याचा थर जाड असतो. सांध्यांच्या छिद्रांत तो शिरला तर नेमकी फिरणाऱ्या भागांची जुळलेली जागा बिघडते. ज्या पाटावर गंजाने काळा थर मुळापासून उडालेला आहे, तेवढ्याच जागी रंगाचा विचार करावा. आपल्या ताईंच्या मशीनवर नक्षी झिजली आहे, थर उडालेला नाही. ती झीज त्या घरातील शिवणकामाने झालेली आहे आणि ती तशीच राहू द्यावी, असा माझा आग्रह आहे.

सफाई करताना काय टाळायचे ते नीट ध्यानात घ्यावे. स्पिरिट आणि हात निर्जंतुक करण्याचे द्रव लाख विरघळवतात. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव आणि पितळ घासण्याची पेस्ट नक्षीवर लागली तर सोनेरी रंग उतरून ती रुपेरी दिसू लागते, आणि ते पुन्हा सोनेरी करता येत नाही. भांडी घासण्याची घासणी तर दूरच ठेवावी. सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे मशीनचेच तेल: मऊ सुती फडक्यावर थोडे तेल घेऊन गोल गोल हलक्या हाताने पुसावे, फडके काळे झाले की बदलावे, आणि शेवटी कोरड्या फडक्याने तेल टिपून घ्यावे. पहिल्याच पुसण्यात काय उतरते ते आधी मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाहावे.

सरकत्या पट्ट्या, सुईची पट्टी, फेस प्लेट यांसारखे सुटे, नक्षी नसलेले धातूचे भाग मात्र खुशाल रॉकेल किंवा टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवता येतात. अर्थातच विस्तवापासून दूर आणि खिडक्या उघड्या ठेवून. त्यांच्यावरचा गंज अत्यंत बारीक पोलादी किसाने, तेल लावून घासावा. रॉकेल सगळे वंगण धुऊन नेते, त्यामुळे भाग पुसून लगेच तेल लावले नाही तर नवा गंज लागलीच धरतो.

दूरदेशी:

मी ग्लासगोजवळ राहतो, म्हणून क्लाइडबँकविषयी थोडी माहिती देतो. किलबोवीचा हा कारखाना १८८० च्या दशकात उभा राहिला आणि १९८० मध्ये बंद झाला. त्याच्या मनोऱ्यावरील चार तोंडांचे घड्याळ जगातील सर्वांत मोठ्या घड्याळांत गणले जाई. तो मनोरा १९६३ मध्ये पाडण्यात आला. कारखान्याचा आता मागमूस नाही, परंतु शेजारच्या रेल्वे स्थानकाचे नाव आजही सिंगर असेच आहे आणि तिथे रोज गाड्या थांबतात. कारखान्याचा दस्तऐवज आणि मशीनचा मोठा संग्रह वेस्ट डनबार्टनशायर या स्थानिक परिषदेकडे जतन केलेला आहे.

हप्त्यांचा जो उल्लेख चर्चेच्या आरंभी आला आहे तो अगदी पटण्यासारखा आहे. हप्त्यांवर विक्री ही सिंगरची एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची पद्धत होती आणि घरगुती मशीन जगभर पोहोचले ते मुख्यतः तिच्यामुळे. भारतातील विक्रीचे जाळे उभारण्यात नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी व्यावसायिकांचा मोठा वाटा होता. भारतातच मशीन बनवण्याचा उद्योग उषाच्या रूपाने कोलकात्यात सुरू झाला तो १९३५ च्या सुमारास. म्हणजे ताईंचे मशीन घरी आले तेव्हा बाजारात बहुधा परदेशी बनावटीचीच मशीन असतील.

मावळतीचा वारा:

लाखो रुपयांच्या किमतीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. एप्रिल २००९ मध्ये सौदी अरेबियात अशी अफवा पसरली की जुन्या सिंगर मशीनमध्ये लाल पारा नावाचा अमूल्य पदार्थ असतो. लोकांनी अवाच्या सवा भावाने मशीन विकत घेतली आणि शेवटी तिथल्या पोलिसांना चौकशी करावी लागली. तसा पदार्थ कोणत्याही शिलाई मशीनमध्ये नसतो. तीच अफवा वेगवेगळी रूपे घेऊन आपल्या मोबाइलवर फिरत असते आणि तिच्या आधाराने फसवणूकही होते. आधी नोंदणीचे पैसे भरा, मग खरेदीदार पाठवतो, असे सांगणाऱ्या कोणालाही एक रुपया देऊ नये. २८ हे मशीन प्रचंड संख्येने बनले, आणि म्हणूनच ते आजही चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात पाहायला मिळते. त्याची किंमत चालू स्थिती, मूळ नक्षी आणि झाकण शाबूत असणे यांवर ठरते. ती काही हजारांची बाब असते, लाखांची नव्हे.

कृष्णाकाठ:

सांगितल्याप्रमाणे सर्व केले आणि चाक सुटले. शटलच्या मार्गात दोऱ्याचा घट्ट गोळा होताच, शिवाय खालचा सांधा, ज्यावर शटलचा दांडा झुलतो, तो पूर्ण चिकटलेला होता. तेथे ऊब दिल्यानंतर चाक प्रथम किंचित हलले आणि आता ते पूर्ण फिरते. नक्षी केवळ तेलाने पुसली. धुळीखाली झाकलेला फुलांचा एक पट्टा खांबावर दिसू लागला आहे. नवी सुई लावून टीप मारून पाहिली. वरून टाका सरळ दिसतो, परंतु कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याचे सैल फास जमा होतात. शटलचा ताण वाढवावा का?

टीपकाम:

शटलला आत्ताच हात लावू नये. खालच्या बाजूस फास दिसतात तेव्हा दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो, कारण वरचा दोरा पुरेसा ताणला न गेल्याने तो खाली ओढला जातो. उलट, वरच्या बाजूस खालचा दोरा दिसू लागला तर वरचा ताण जास्त आहे किंवा शटलचा कमी आहे असे समजावे. हा फरक माझ्या वर्गात मी पहिल्याच आठवड्यात शिकवते आणि त्यासाठी वर लाल व खाली पांढरा दोरा लावायला सांगते, म्हणजे कोणता दोरा कुठे डोकावतो हे लगेच दिसते.

ताणाच्या दोन तबकड्यांमध्ये दोरा खरोखर बसला आहे की त्यांच्या कडेवरून गेला आहे, हे प्रथम पाहावे. जुन्या मशीनमध्ये या तबकड्यांच्या मध्ये वाळलेले तेल, दोऱ्याचा भुसा आणि गंज साचून त्या एकमेकींना पुरत्या टेकत नाहीत. नट सोडवून तबकड्या, स्प्रिंग आणि वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडावेत व त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. तबकड्यांच्या आतल्या बाजू बोटाला आरशासारख्या गुळगुळीत लागल्या पाहिजेत. परत बसवताना त्यांच्या फुगीर बाजू एकमेकींकडे येतील हे पाहावे. दोरा ओवताना तो झटका घेणाऱ्या छोट्या तारेच्या स्प्रिंगमधून गेला नाही तरीही असेच फास पडतात.

हे झाल्यावर शटल तपासावे. बॉबिन भरलेले शटल दोऱ्याने टांगले तर ते आपल्या वजनाने घरंगळत खाली येऊ नये. हाताला हलकासा झटका दिला की थोडे उतरावे आणि थांबावे. त्यावरचा अगदी लहान स्क्रू पाव फेऱ्याहून अधिक एका वेळी फिरवू नये. शटलचे टोक नखावर घासून पाहावे. तिथे गंजाचा खड्डा किंवा कूस असेल तर दोरा तुटत राहतो आणि तेव्हा मात्र नवे शटल घेणेच योग्य. जुन्या बॉबिनच्या टोकांच्या चकत्या वाकलेल्या असतील तर त्याही बदलाव्यात.

आणखी दोन सवयी लावून घ्याव्यात. हँडल नेहमी आपल्यापासून पुढच्या दिशेला फिरवावे. त्यामुळे चाक आपल्याकडे फिरते आणि शटल योग्य वेळी दोऱ्याचा फास पकडते. या मशीनला उलटी टीप नाही, तेव्हा शिवणीच्या शेवटी कापड फिरवून दोन-तीन टाके परत मारावेत किंवा दोन्ही दोरे लांब ठेवून हाताने गाठ द्यावी.

कृष्णाकाठ:

ताई, तबकड्यांच्या मध्ये वाळलेल्या तेलाचा थर आणि दोऱ्याचे तुकडे होते. ते काढल्यावर फास पूर्ण बंद झाले. दोन घड्या सुती कापडावर टाका दोन्ही बाजूंनी सारखा पडतो. खणाच्या जाड काठावर सुई किंचित अडखळते, पण सावकाश फिरवल्यास तोही शिवला जातो. बॉबिन भरण्याच्या साधनावरील रबरी कडे मात्र वाळून तडकले आहे आणि ते चाकाला घट्ट टेकत नाही. झाकणाच्या एका कोपऱ्यात लाकडाचे पदर सुटले आहेत. या दोन गोष्टींसाठी काय करावे?

जुनेलोखंड:

रबरी कड्यासाठी मूळ भागाची वाट पाहण्याची गरज नाही. जुने कडे मापासाठी घेऊन कोणत्याही हार्डवेअरच्या किंवा पंपदुरुस्तीच्या दुकानात जावे आणि त्याच व्यासाचे, तेवढ्याच जाडीचे ओ-रिंग घ्यावे; पुण्यात असाल तर बोहरी आळीत सहज मिळेल. ते फार जाड असू नये, अन्यथा बॉबिन भरण्याचे साधन चाकापासून सुटत नाही.

झाकण वाकवलेल्या पातळ लाकडी पदरांचे बनलेले असते आणि ते पदर सरसाने जोडलेले असतात. ओलाव्याने सरस सुटतो. सुटलेल्या पदरांमधली धूळ पातळ सुरीने व ब्रशने काढावी, सुताराच्या पांढऱ्या डिंकाचा पातळ थर आत पोहोचवावा, आणि वरून-खालून लाकडी पट्ट्या ठेवून शिकंजात एक दिवस दाबून ठेवावे. बाहेर आलेला डिंक लगेच ओल्या फडक्याने टिपावा. लाकडावर लाखेचे पॉलिश असते, त्यामुळे त्याचा फिका पडलेला भाग कोणताही पॉलिशवाला सुतार लाखेच्याच हलक्या हाताने सारखा करून देईल. त्याला मेलामाइन किंवा चकचकीत वार्निश मारू नये असे आधीच सांगावे.

पावसाळ्यापुरती एक सूचना. पावसाच्या गावी, आणि कोकणात तर अधिकच, बंद झाकणाखाली दमट हवा कोंडून पट्ट्यांना गंज धरतो. जून उजाडण्यापूर्वी सरकत्या पट्ट्या आणि सुईचा दांडा तेलाच्या फडक्याने पुसून घ्यावा, झाकणात दमट हवा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात, आणि मशीन थेट फरशीवर न ठेवता फळीवर ठेवावे. चालू मशीनला रोजच्या कामात दिवसाकाठी प्रत्येक छिद्रात एकच थेंब तेल पुरते. अधिक घातले तर ते कापडावर उतरते. नवी टीप सुरू करण्यापूर्वी टाकाऊ कापडावर थोडे शिवून तेल बाहेर येऊ द्यावे.

टीपकाम:

लांब बॉबिन मागवताना दोन-चार जास्तच मागवाव्यात, ताई. एका रंगाची टीप संपण्याआधी दुसऱ्या रंगाची बॉबिन भरून ठेवता येते आणि अर्धवट भरलेली बॉबिन उलगडून फेकावी लागत नाही. २७ आणि २८ या दोन्हींना एकच बॉबिन चालते; विक्रेत्याला मशीनचा प्रकार, म्हणजे २८, तेवढा नीट कळवावा.